सत्त्याऐंशीचा भाव

"अठ्ठ्याण्णव," बयो म्हणाली. हातातल्या वर्तमानपत्रात त्र्याण्णव छापलं होतं.

"म्हणजे हललाच नाही," बाबा उशीत तोंड खुपसून म्हणाले. "ठीक."

बाबांचा एक डोळा तरुणपणीच गेला होता. दुसऱ्याचा पडदा सुटला, तो डॉक्टरीणबाईंनी जागेवर बसवला आणि वर पट्टी बांधली. महिनाभर पालथं झोपायचं. बयोला बाजूला घेऊन त्या म्हणाल्या होत्या, "रक्तदाब चढता कामा नये. धसका बसेल असं काही कानावर घालू नका. हा डोळा गेला तर संपलं."

आणि नेमके त्याच आठवड्यात रोख्यांचे भाव घसरायला लागले. रोख्यांचे कागद छापणाऱ्या छापखान्यात बाबांनी तीस वर्षं काढली होती. निवृत्त होताना मिळालेल्या पैशांतून त्यांनी चारशे कर्जरोखे घेतले आणि कपाटात ठेवले. रोज सकाळी ते भाव विचारायचे. रोज सकाळी बयो खोटं वाचायची.

एक्क्याण्णव झाला तेव्हा तिचा धीर सुटला. बाबांचे नेहमीचे दलाल म्हणजे त्यांचे जुने मित्र. त्यांच्या पोटात काही राहायचं नाही. म्हणून कामावरून येताना ती दुसऱ्याच एका दलालाच्या कचेरीत शिरली.

"तुमचे रोखे शंभरावर वर्षाला सात देतात ना?" खिडकीतला माणूस म्हणाला. "आता व्याजदर चढलेत. नवे रोखे नऊच्या घरात देताहेत. मग तुमच्या सातवाल्यांना पूर्ण शंभर कोण मोजेल?"

"अजून पडेल?"

"मंगळवारी दर ठरवणाऱ्यांची बैठक आहे. लोक हादरलेत, एवढं खरं."

बयो तशीच घरी आली. ती दातांच्या कवळ्या बनवायची. दुसऱ्या दिवशी कामावर तिनं एक सुळा उलटा बसवला.

मंगळवारी व्याजदर वाढला. बुधवारी भाव सत्त्याऐंशी.

तिनं कपाट उघडलं. दार कुरकुरलं.

"काय शोधतेस गं?"

"तुमचा सदरा."

इस्पितळाच्या कामासाठी म्हणून बाबांनी तिला सगळ्या व्यवहारांचं मुखत्यारपत्र करून दिलं होतं. त्या दलालाच्या खिडकीपाशी चारशेच्या चारशे रोखे ठेवून तिनं त्यांच्या वतीनं विक्रीची सही केली. रक्कम बाबांच्या खात्यात जमा झाली. निदान एवढं तरी वाचलं, असं ती घरी येईपर्यंत स्वतःला सांगत राहिली.

पट्टी निघायला तीन दिवस उरले होते. दुपारी बेल वाजली. दारात शिपाई होता आणि त्याच्या हातात जाडजूड पाकीट. पाकिटावर त्याच कचेरीचा शिक्का. विक्रीची पावती घरी पाठवू नका असं तिनं बजावून सांगितलं होतं! तिनं पाकीट पदराआड धरलं.

"आलं का?" आतून बाबांनी हाक मारली. "दलालाकडचं पाकीट ना? आण इकडे."

ती पलंगापाशी आली.

"बयो, रागावू नकोस. भाव सत्त्याऐंशी आहे, ठाऊक आहे मला. तू कामावर गेलीस की मित्राचा फोन येतो. पण तू इतक्या धिटाईनं अठ्ठ्याण्णव म्हणायचीस, की मला तुझं मन मोडवेना."

"तुम्हाला... काही वाटलं नाही?"

"काय वाटायचंय? आपल्याला थोडेच विकायचेत! दरवर्षी सात येणार, ते कुठे जात नाहीत. दहा वर्षांनी मुदत भरली की पूर्ण शंभर हातात. तोवर भाव वर जाईना का खाली. मधेच विकणाऱ्यानं त्याची काळजी करावी."

बयोनं पलंगाची कड धरली.

"उलट मीच घेतले," बाबा उशीतच हसले. "तुझ्या आईच्या विम्याचे पैसे मित्राकडे पडून होते. त्याला फोनवर म्हटलं, कुणी घाबरून फुंकून टाकत असेल तर उचल आणि कागद परस्पर घरी पाठवायला सांग. बुधवारी एका दमात मिळाले! आता उघड ते. रोखे कपाटात ठेव, आपल्या आधीच्या चारशेंशेजारी."

तिनं पाकीट उघडलं. चारशे होते.

"आणि विक्रीचा कागद असेल बघ सोबत. त्यावर विकणाऱ्याचं नाव असतं. वाच बरं मोठ्यानं, कोण आहे तो घाबरट?"