काळी फडकी

मधमाश्यांच्या पेट्यांना मी बांधलेली काळी फडकी सरपंच भराभर सोडत होता. घरात माणूस गेलं की ती बांधायची, ही फ्रान्समधल्या आमच्या ब्रिटनी प्रांतातली रीत. माझा नवरा पहाटेच गेला होता.

"सोआझिग, जनगणनेवाली बाई येतेय. तुझ्या नवऱ्याला धरून आपण बरोब्बर शंभर भरतो. एक जरी कमी पडला तर आपलं गाव शेजारच्या गावात विलीन करतील. दुपारपर्यंत गप्प बस."

म्हणजे याची खुर्ची जाईल. त्याच्यामागे अर्धं गाव उभं होतं. नवरा तीन वर्षं अंथरुणाला खिळला होता, तेव्हा यातलं कुणी फिरकलं नाही. "घरात घाण वास येतो," म्हणायचे. आज त्याच घराच्या अंगणात दात काढत उभे होते.

फाटकाशी गाडी थांबली. सरपंचाने फडकी खिशात कोंबली.

बाईने वही उघडली. "घरात माणसं किती? दोनच ना?"

मी सरपंचाच्या खिशातून फडकी ओढून काढली.

"एकही नाही," मी म्हणाले. "नवरा आज गेला. त्याला पुरलं की मीही बहिणीकडे कायमची चालले. यांच्यात मला धरू नका."