कंसातला आवाज

“नुसते शब्द नकोत. जे जे ऐकू येतं ते सगळं लिहा,” असं मोबाइलवर टाइप करून मुलीने फोन सबटायटलवाल्या बाईंसमोर धरला.

बाईंच्या कपाळाला आठी पडली. विद्यापीठाच्या सुलभता कक्षात कर्णबधिर विद्यार्थ्यांसाठी ऑनलाइन व्याख्यानांखाली ओळी लिहून लिहून त्यांची मान आखडली होती, आणि हिचं आपलं भलतंच. त्यांनी उत्तर टाइप केलं, “अगं, खोकला, खुर्चीची करकर, तेसुद्धा? परीक्षेत विचारणार आहेत का?”

मुलगी हसली. मग बराच वेळ टाइप करत राहिली.

“या व्याख्यानांतले सर म्हणजे माझे बाबा. आई मला खुणांनी सांगायची, बाबा खूश असले की गुणगुणतात. आई गेली, मग ते कोण सांगणार? पुढची दोन वर्षं घरात आम्ही दोघंच. ही व्याख्यानं तेव्हाचीच, घरी रेकॉर्ड केलेली. आता बाबाही नाहीत. फार आठवण येते. माझ्यासोबत ते खूश होते का, एवढंच कळायला हवंय.”

व्हिडिओत माणूस दिसतच नव्हता, नुसते आलेख आणि मागून आवाज, तोही काटछाट न केलेला. बाईंनी हेडफोन चढवले. आठवडाभर त्या जेवायच्या सुट्टीतही धड उठल्या नाहीत. शेजारच्या टेबलावरचा तपासनीस म्हणाला, “बाई, संख्याशास्त्रात डिग्री घेताय की काय?” बाईंनी लक्ष दिलं नाही.

शुक्रवारी मुलगी आली. पडद्यावर ओळी सरकू लागल्या. (खोकतात.) (पान उलटतात.) सहाव्या व्याख्यानात आलेख तसाच थांबून राहिला आणि खाली उमटलं, (गुणगुणतात.)

मुलीने व्हिडिओ थांबवला, त्या ओळीवर बोट ठेवलं. पुढे नवव्यात तेच, अकराव्यात दोनदा. तिने बाईंचे दोन्ही हात घट्ट धरले. जाताना दारातून परत वळून हसली.

मग तपासनीस फाइलवर सही करायला बसला. सहीआधी एखादं व्याख्यान ऐकायचं असा नियम. त्याने सहावं लावलं. आलेख थांबला तसा तोही थबकला. हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि बाईंकडे बघत राहिला.

“सही करा,” बाई म्हणाल्या.

टेबलावरच्या हेडफोनमधून एका पुरुषाचे दाबलेले हुंदके बारीक ऐकू येत होते.