पन्हळीत अडलेला आवाज

द्रुपदाने नदीची वाळू धुवायच्या पन्हळीच्या तळाशी आडव्या पट्ट्या पुन्हा ठोकल्या. उंच पट्ट्यांवर पाणी उसळून बारीक सोनं निसटत होतं, म्हणून या वेळी बुटक्या. राख सावडताना कानामागचा सोन्याचा कण वेचून ठेवायचा असतो. माणसाचा आवाज त्यातच साठलेला असतो. रडण्याच्या भरात ती विसरली, आणि तिच्या हिरामणचा आवाज राखेबरोबर वैनगंगेत गेला.

“वहिनी, पोरगं गेलं. आता पुरे करा,” दीर म्हणाला.

“माये, एवढा एक दे!” ती नदीवर ओरडली.

पट्टीआड कण चमकला. तिने तो कणातला आवाज ऐकवणाऱ्या स्पीकरच्या खाचेत बसवला.

“आई... पाणी दे गं,” कुणी परका म्हातारा कण्हला.

द्रुपदाने नदीत ओंजळ बुडवली आणि स्पीकरसमोर धरली.

“पी, बाळा.”