बिनवासाचं मलम

सहा महिने झाले, सासूबाईंनी सुनेच्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. जेवणाचं ताट दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवायच्या आणि लगेच पाठ फिरवायच्या. 'माझा आजार म्हणजे नाटक वाटतं त्यांना,' असं मनात म्हणत सून आतल्या आत धुमसायची. उठून बसलं तरी तिला धाप लागायची, साध्या साबणाच्या वासानेही डोकं फुटायला यायचं.

अशाच आजाऱ्यांसाठीच्या हेल्पलाइनचे फोन ती दुपारी, दार लावून, पडल्यापडल्या घ्यायची. घरात कुणाला पत्ता नव्हता. कळलं असतं तर 'गप्पा मारायला बरी ताकद येते!' हे ऐकावं लागलं असतं.

आज एक बाई कुजबुजत होती. "हळू बोलते हं, पोर झोपलीय. अहो, गुडघ्यांना मलम चोळल्याशिवाय मला चालवत नाही, आणि त्या वासाने तिचा जीव कासावीस होतो. दारातूनच परत फिरते मी. बिनवासाचं मलम मिळतं का हो कुठे?"

"मिळतं ना. लिहून घ्या," तीही हळूच म्हणाली.

"थांबा, बेल वाजली वाटतं."

 

बेल तिनेही ऐकली. एका कानाने फोनमधून, दुसऱ्या कानाने बंद दारापलीकडून.