हद्दीचा दगड

"साहेब, दगड परत सरकलाय."

लालमहंमद पायरीशी उभा होता. काकासाहेबांनी पेपर बाजूला ठेवला.

"कुणीकडं?"

"माझ्याच रानात. तुमचं रान वाढलं म्हना की."

काकासाहेब उठले, टोपी घातली, टेप शोधला. दोन दिवसांत ते पहिल्यांदाच कुणाशी बोलले होते.

एके काळी ते सरकारी मोजणीदार होते. श्रीगोंदा तालुक्यातली निम्मी शिवारं त्यांनी पायी तुडवली. तेव्हा साखळीचं दुसरं टोक धरायला शेजारचा लालमहंमदच असायचा. साहेबांच्या मोजणीवर कुणी कधी बोट ठेवलं नाही. त्याच भरवशावर लोकांनी त्यांना निवडणुकीला उभं केलं. मग दिल्ली. तीनदा खासदार, एकदा राज्यमंत्री. एवढ्या वर्षांत लालमहंमद काही मागायला आला नाही, आणि साहेबांनीही त्याची कधी विचारपूस केली नाही.

मग ते निवडणूक हरले. दारातल्या गाड्या बंद झाल्या. त्याच हिवाळ्यात बायको गेली. काष्टीजवळच्या त्या मळ्यात आता फोन वाजायचा तो फक्त पुण्याच्या मुलीचा, रोहिणीचा.

बांधावर जाऊन दोघांनी टेप लावला.

"ताण धर, लालभाई."

"धरलाय की."

दगड वीतभर आत गेला होता. तो उपटून जागेवर बसवेपर्यंत ऊन चढलं. लालमहंमदच्या घरून किटलीत चहा आला. चहाबरोबर जुन्या मोजण्या निघाल्या, भावाभावांच्या मारामाऱ्या निघाल्या. काकासाहेब मोठ्यानं हसले.

"पण कोण करतंय रे हे?" निघताना त्यांनी विचारलं.

"कुनाला ठावं," लालमहंमद म्हणाला.

दगड पुन्हा सरकला. पुन्हा मोजणी झाली. काष्टीच्या बाजारात लोक बोलू लागले, "खासदारकी गेली, आता म्हातारा बांध कोरतोय."

ते रोहिणीच्या कानावर गेलं. ती पुण्याहून आली ती छगन गवंड्याला घेऊनच.

"कुणाची इंचभर जमीन खाल्ली नाहीत तुम्ही, आबा. आता या वयात हे ऐकून घ्यायचं?"

छगननं दगडाभोवती खड्डा घेतला, सिमेंट ओतलं.

"बांधाचा वाद मिटल्याशिवाय पुण्याला येणार नाही म्हणत होतात ना?" रोहिणी म्हणाली. "मिटला. काय लालचाचा, तुमचं काही म्हणणं?"

"न्हाई. लई बेस झालं," लालमहंमद म्हणाला आणि घराकडं वळला.

त्यानंतर तो आला नाही. यायला कारणच उरलं नव्हतं. काकासाहेब पायरीवर बसून राहायचे. जेवताना रोहिणीनं दोनदा विचारलं तरच एकदा उत्तर द्यायचे. तिनं त्यांचे कपडे बॅगेत भरले, औषधं भरली, आईचा फोटोही कागदात गुंडाळून ठेवला.

निघायच्या दिवशी सकाळी ती गाडीत सामान लावत होती.

"जरा रान बघून येतो," काकासाहेब म्हणाले. गोठ्याच्या मागून जाताना त्यांनी भिंतीला टेकवलेली पहार उचलली.

बांधावर आधीच कुणीतरी वाकलं होतं. सिमेंटचा एक टवका उडून पडला होता. चाहूल लागताच लालमहंमदनं मान वर केली. साहेबांकडं पाहिलं, मग त्यांच्या हातातल्या पहारीकडं.

"व्हा मागं, साहेब," तो म्हणाला. "मागल्या खेपेला तुमी सरकिवला हुता. ह्या खेपेला माझी पाळी हाय."