वॉल्टरचा लग्नातला सूट

हिल्डाने नवऱ्याचा लग्नातला सूट कापून स्वतःसाठी कोट-स्कर्ट शिवला, तेव्हा इंग्लंडमधल्या आमच्या सॅल्फर्डच्या गल्लीत दोन तट पडले. युद्धामुळे कपडे मोजूनमापून मिळत; त्यांची रेशनची कुपनं मुलांच्या बुटांतच संपतात, हे आम्ही सगळ्याजणी जाणत होतो. मी तर हिल्डाचीच बाजू घेतली, कारण माझ्याही नवऱ्याचा सूट कपाटात नुसता लटकत होता. पण तिची सासू ऐकेना. "माझा वॉल्टर आघाडीवर धडधाकट आहे आणि हिने त्याच्या सुटाला कात्री लावली! परत येणाऱ्या माणसाचे कपडे कुणी कापतं का?" हिल्डाने कोटाचा आतला खिसा तेवढा तसाच ठेवला होता, आणि वॉल्टरची पत्रं त्यातच असायची. युद्ध संपलं आणि एका शनिवारी वॉल्टर बगलेत खोका घेऊन दारात उभा राहिला. हिल्डाच्या अंगावर नेमका तोच कोट. सासू रडतारडताच म्हणाली, "बघ, तुझ्या बायकोने काय करून ठेवलंय!" वॉल्टरने हिल्डाला गिरकी घ्यायला लावली. "आई, मला कधी एवढा शोभला होता का गं हा?" मग त्याने सैन्यातून सुटताना सरकारने दिलेला नवा सूट खोक्यातून काढून चढवला. बाह्या बोटांच्या खाली आल्या, आणि पँटमध्ये आणखी एक वॉल्टर मावला असता. गल्ली हसून लोळली. सासूने डोळे पुसले, मुलाभोवती एक फेरी मारली, कापड चिमटीत धरून पाहिलं. "हिल्डा, कात्री आण गं. यात माझाही एक स्कर्ट निघेल."