दोन कारखान्यांचे मालक

टीव्हीवर पार्टी रंगली होती आणि तिचे बाबा पियानोच्या मागे उभे होते. काळा सूट, हातात पेला, कानशिलांवर पांढरे केस. त्यांना जाऊन दोन महिने झाले होते. रिमोट सासूबाईंच्या मांडीवर, वाटाण्याच्या शेंगांखाली होता. तो मागून घ्यावा की गप्प बसावं, हे तिला ठरवता येईना. नायिकेचं गाणं अजून दोन कडवी तरी चालणार होतं.

सासरी कोणालाच माहीत नव्हतं. बाबा सिनेमात गर्दीतले नट होते, चांगली तीस वर्षं. चेहराच असा रुबाबदार की गरिबांच्या वस्तीत त्यांना कोणी उभं करेना. त्यांच्या वाट्याला कायम श्रीमंतीच आली. सूट मात्र स्वतःचा लागे. घरातल्या एकुलत्या एक कपाटात तो जुन्या चादरीत गुंडाळून टांगलेला असे आणि बाकी सगळ्यांचे कपडे पेटीत. संध्याकाळी घरी आले की बाबा सांगत, आज आपले दोन कारखाने होते. आई विचारी, मग कारखानदारांना येताना दूध आणायला काय झालं? श्रीमंतीबद्दल बाबांचं ठाम मत होतं. खरा श्रीमंत घड्याळाकडे बघत नाही आणि हातातला पेला कधी संपवत नाही. संपवायची घाई आपल्याला.

लहानपणी ती हे वर्गभर मिरवायची. पुढे कॉलेजात मैत्रिणींनी एका सिनेमात त्यांना हेरलं. नायकाच्या वाढदिवसालाही तेच, खलनायकाच्या मेजवानीलाही तेच. तुझे बाबा दोन्हीकडे फुकट जेवतात का गं, असं एकीने विचारलं. तीही सगळ्यांबरोबर हसली. त्या दिवसापासून तिच्या सांगण्यात बाबांचा कापडाचा व्यवसाय सुरू झाला. लग्न ठरलं तेव्हाही तोच चालू होता.

लग्नाच्या आदल्या दिवशी बाबा सुटाला इस्त्री करत होते. तिने आडवळणाने सुरुवात केली. सासरची माणसं मोठी आहेत, चौकशा करतात, एकातून दुसरं निघतं.

"बाबा, तिथे तुम्ही कोणाशी बोलू नका ना," शेवटी ती म्हणाली.

इस्त्री थांबली नाही. "बरं," ते म्हणाले. "पण मुलीच्या लग्नात बाप नुसताच गप्प उभा, हे बरं दिसत नाही. बघतो काहीतरी."

दुसऱ्या दिवशी ते पाहुण्यांमध्ये असे वावरले की धाकटा दीर म्हणाला, वहिनी, तुझ्या वडिलांपुढे आम्हीच वाढपी दिसतोय. एकदा ते सासूबाईंच्या शेजारी बसून बोलताना दिसले, तेव्हा तिचं सगळं लक्ष तिकडेच लागून राहिलं. पण नंतर कोणी काही विचारलं नाही. बाबांनी हवापाण्याच्या गप्पांवर निभावून नेलं असेल, असं ती धरून चालली. काय बोललात, हे तिने त्यांना विचारलं नाही. त्या दिवसाचा विषयच पुन्हा काढला नाही.

"अगं," टीव्हीकडे बोट दाखवत सासूबाई म्हणाल्या, "हे अगदी तुझ्या बाबांसारखे दिसतात."

हो, थोडेसे, एवढं म्हणून सुटता आलं असतं. पडद्यावर बाबा शेजारच्या बाईला मन लावून काही समजावत होते. आता कॅमेरा नायिकेमागे जाईल आणि ते कडेने निघून जातील, हे तिला पाठ होतं.

"सारखे नाही," ती म्हणाली. "तेच आहेत."

मग तिने सगळं सांगितलं. कापडाचा व्यवसाय कधीच नव्हता, हेही. सासूबाई रागावल्या नाहीत. हातातली शेंग तशीच धरून त्या पुढे वाकल्या आणि पडद्याकडे बघत राहिल्या.

"इतकं काय सांगतायत त्या बाईला?"

"काहीच नाही, आई. गर्दीतल्या नटांनी आवाज काढायचा नसतो. नुसते ओठ हलवायचे. मधूनच हसायचं, मान डोलवायची. बाबांना ते फार छान जमायचं."

गाणं संपलं. जाहिराती लागल्या. सासूबाईंनी शेंगांखालून रिमोट काढला आणि टीव्ही बंद केला.

"लग्नात माझ्याजवळ बसून ते चांगली दहा मिनिटं बोलले," मग त्या म्हणाल्या. "मला एक अक्षर ऐकू आलं नाही. मी आपली हो हो करत राहिले. दुसऱ्याच दिवशी डॉक्टर गाठला. तो म्हणाला, कान ठणठणीत आहेत."